फोरे या फ्रेंच संगीतकाराची फ्रेंच गाणी शिकायला स्वरलिपीची नेटवरची फुकट प्रत पुरेल, की पीटर्स या प्रकाशकाची महाग आवृत्ती घ्यावी?

एखाद-दुसरं गाणं चाखून बघायचं असेल तर फुकटची पुरे. फोरे १९२४ मध्ये गेला, त्यामुळे ती वापरायला कॉपीराइटची अडचण नाही. ती बहुधा आमेल या पॅरिसच्या प्रकाशकाची असते, वीस-वीस गाण्यांच्या संग्रहांतली. पण त्यात बरीच गाणी मूळ पट्टीत नाहीत आणि छपाईच्या चुकाही आहेत.

पीटर्ससाठी रॉय हॉवट आणि एमिली किलपॅट्रिक यांनी हस्तलिखितं नि जुन्या छपाया ताडून पाहिल्या. कुठे काय बदललं आणि का, तेही दिलंय. गंभीरपणे गाणार असाल तर पैसे तिथेच घाला.

मात्र महाग प्रत घेऊनही लोक खुणा वाचत नाहीत! फोरेच्या ‘आप्रे अँ रेव्ह’ या गाण्यावर आंदान्तिनो, म्हणजे मध्यम, चालती लय, असं लिहिलंय, तरी ते रडगाण्यासारखं ओढतात. पियानोचा उजवा हात एकसारखे कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरगुच्छ) वाजवत असतो, त्यावर गळ्यातून तीन-तीन स्वरांचे गट जातात. लय सैल पडली की साथ आणि गाणं यांच्यातला हा लयीचा पेच विरून जातो. फोरे साथीला बसला की मेट्रोनोमसारखा (ठोके देणाऱ्या यंत्रासारखा) पक्का असे, असं त्याच्याबरोबर गायलेल्या क्लेर क्रोआझाने सांगून ठेवलंय. म्हणून आधी साथीदाराबरोबर नुसती लय बसवा, उच्चार मग.