बाळाचे बाबा विचारतात

या अंकासाठी निवडलेली पत्रं लहान मुलांच्या बाबांची आहेत. पाणी भरणं, औषध आणणं, रात्री-अपरात्री मुलाला दवाखान्यात नेणं ही कामं बाबा मनापासून करतात. पण किती मिली, किती वेळाने, कशात मिसळून, हे त्यांना बहुतेकदा कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून उत्तरांत आकडे दिले आहेत. ते तसेच पाळा, अंदाजाने बदलू नका.

प्रश्न: आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं. मुलगी दीड वर्षाची आहे. पावसाळा लागल्यापासून तिला दोनदा जुलाब झाले. सगळे म्हणतात आरओ बसवा. पैसे साठवतोय, पण तोवर काय करू? आणि पुन्हा जुलाब लागले तर ओआरएस नेमकं कसं द्यायचं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: आरओची घाई नको. आरओ मुख्यतः विरघळलेले क्षार कमी करण्यासाठी असतं. बोअरचं पाणी फार जड असेल, तर त्याचा उपयोग. भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलं पाणी पिण्यास योग्य धरतात. मुलीला जुलाब होतात ते जंतूंमुळे, आणि जंतू मारायला उकळणं पुरतं.

आधी पाणी खराब कुठे होतं ते समजून घ्या. नळ बंद असताना पाइपातला दाब जातो आणि गळक्या जोडांतून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं. त्यामुळे पाणी आल्यावर पहिल्या दहा मिनिटांचं पाणी फरशी आणि संडासासाठी वापरा, पिण्याचं त्यानंतर भरा. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढत असाल तर ते बंद करा. मोटरच्या ओढीने गळक्या जागांतून गटाराचं पाणी आणखी जोरात आत येतं, तुमच्याही घरात आणि शेजाऱ्यांच्याही.

पाणी गढूळ असेल तर तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवून गाळ बसू द्या. वरचं निवळ पाणी चौपदरी स्वच्छ कापडातून गाळून उकळा. बुडाशी बारीक बुडबुडे दिसले की लोक गॅस बंद करतात, तेवढ्याने भागत नाही. पाणी खळखळ उकळू लागल्यावर पूर्ण एक मिनिट तसंच राहू द्या. त्याच भांड्यात झाकून गार करा आणि चोवीस तासांत संपवा. गॅस परवडत नसेल, तर आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून मिळणारं द्रव क्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबून मग प्यायला घ्या. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतं, म्हणून इथेही आधी गाळणं आलंच. बाटली उन्हात किंवा उघडी ठेवली तर औषधाचा जोर जातो.

इतकं करूनही जुलाब थांबत नाहीत, तेव्हा बहुतेक वेळा दोष साठवणुकीत असतो. उकळलेल्या पाण्याच्या माठात कुणीतरी पेला बुडवतं, पेल्याबरोबर बोटं बुडतात, आणि सगळी मेहनत वाया जाते. तोटीचा पिंप घ्या, किंवा लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. ते माठावर उघडं टांगू नका, झाकून ठेवा. शी धुतल्यावर आणि मुलीला भरवण्याआधी साबणाने वीस सेकंद हात धुणं हे तर कुठल्याही यंत्राच्या आधी.

आता ओआरएस. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, लहान पाकीट २०० मिलीत. पाकिटावर लिहिलेलं वाचा आणि पाकीट एकदमच पूर्ण विरघळवा. कपभर पाण्यात चिमूटभर पूड टाकण्याची चूक फार घरांत होते. द्रावण घट्ट झालं तर मिठाचं प्रमाण वाढून मुलाची तब्येत उलट बिघडते, पातळ झालं तर उपयोग होत नाही. लिटर मोजायला पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन वापरा. दूध, सरबत किंवा कोल्ड्रिंकमध्ये पूड घालू नका. उरलेलं द्रावण चोवीस तासांनी फेकून द्या.

तुमची मुलगी दोन वर्षांखालची आहे, म्हणून दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिली द्या, चमच्याचमच्याने. दोन वर्षांवरच्या मुलाला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा या गतीने पुन्हा सुरू करा. बाटलीने घटाघटा पाजलं की उलटी होते आणि घरचे म्हणतात, तिला ओआरएस पचत नाही.

पाकीट हाताशी नसेल, तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव घेऊन पाहा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून टाका आणि नव्याने करा. दुकानात मिळणारी गोड, फळांच्या चवीची डबाबंद पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर फार असते आणि तिने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी घेताना नाव पाहून नका घेऊ, मागचा मजकूर वाचा.

ओआरएसबरोबर झिंक हवंच: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, चौदा दिवस. गोळी चमचाभर स्वच्छ पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्यायची. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की झिंकही थांबवलं जातं, तसं करू नका. उरलेले दिवस पुढचे जुलाब टाळण्यासाठी आहेत. जेवण बंद ठेवू नका. अंगावरचं दूध, मऊ वरणभात, केळं, ताक चालू राहू दे. मोठ्यांच्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना मुळीच नकोत.

शीमध्ये रक्त, खोल गेलेले डोळे, सहा तास लघवी नाही, प्यायलेलं सगळं उलटून पडतं, मूल सुस्त पडलंय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते, यातलं एकही दिसलं तर घरी उपचार करत बसू नका. दवाखान्यात निघा आणि वाटेतही ओआरएस पाजत राहा.

प्रश्न: मी कारखान्यात पाळीने काम करतो. मुलगा दोन वर्षांचा, वजन ११ किलो. डॉक्टरांनी तापासाठी पॅरासिटामॉल पाच मिली सांगितलं होतं. पुढच्या वेळी दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली. औषध तेच, मग पाच मिलीच द्यायचं ना?
– एक वाचक, चाकण

उत्तर: नाही. हा प्रश्न औषध देण्याआधी पडला हे फार बरं झालं. औषध एकच असलं तरी बाटल्यांची ताकद वेगवेगळी असते. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. तुमच्या मुलासाठी एका वेळी ११० ते १६५ मिलिग्रॅम. आता बाटलीवर पाहा. ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम लिहिलं असेल तर पाच मिली बरोबर. ५ मिलीत २५० लिहिलं असेल तर तीन मिलीच, म्हणजे १५० मिलिग्रॅम. सगळ्यात जपायचं ते थेंबांच्या लहान बाटलीला. थेंब तान्ह्या बाळांसाठी म्हणून सौम्य असतील असं वाटतं, पण ते सिरपपेक्षा कितीतरी घट्ट असतात. १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर दीड मिली पुरे. तेच चुकून पाच मिली दिले, तर ११ किलोच्या मुलाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम जाईल.

मापायला स्वयंपाकघरातला चमचा नको, प्रत्येक घरातला चमचा वेगळा. बाटलीबरोबरचं माप किंवा सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज घ्या. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. तुम्ही पाळीला असता, म्हणून हे खास तुमच्यासाठी: फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि औषध देणाऱ्याने लगेच वेळ आणि मिली लिहायचे. आईने आठला दिलं, बाबा साडेनऊला कामावरून आले, मूल तापलेलं दिसलं आणि त्यांनी पुन्हा दिलं, असा दुहेरी डोस सहज जातो. सर्दीच्या मिश्र औषधांतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे दोन्ही एकत्र देऊ नका. सर्दी-खोकल्याची सिरपं लहान मुलांना आपल्या मनाने देऊच नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा केंद्राचा २०२३ चा आदेश आहे.

कधी डोस फार जास्त गेला, तर मूल हसतंखेळतंय म्हणून थांबू नका. यकृताला झालेली इजा एक-दोन दिवसांनी दिसू लागते. बाटली बरोबर घ्या आणि तडक रुग्णालय गाठा.

अ‍ॅस्पिरिन आणि निमेसुलाइड ही तापाची औषधं मुलांना नाही. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेनही टाळा, रक्तस्रावाची भीती असते. ताप म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर, हात लावून नव्हे, डिजिटल थर्मामीटर काखेत धरून. बर्फाच्या पट्ट्या नकोत, त्याने हुडहुडी भरते. पातळ कपडे आणि भरपूर पाणी पुरे. बाळ तीन महिन्यांखालचं असेल, तर घरी औषध न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: मुलगा वीस दिवसांचा आहे. माझी आई रोज आंघोळीनंतर त्याला धुरी देते, नाकात-कानात तेल सोडते, डोळ्यांत काजळ घालते आणि मध चाटवते. डॉक्टरांनी नको म्हटलंय. आईला दुखवायचं नाही. मधला मार्ग आहे का?
– एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर: काही बाबतीत आहे, काही बाबतीत नाही. मध एक वर्षापर्यंत अजिबात नाही. मधात असणारे एका जंतूचे बीजाणू मोठ्यांना काही करत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडू शकतात. मध उकळूनही ही भीती जात नाही. नाकात तेल गेलं तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. काजळात शिसं असू शकतं, शिवाय बोटाने डोळ्यात जंतू जातात. या तिन्हींवर तडजोड नको. गुटीचंही तेच. सहाणेवर उगाळताना वापरलेलं पाणी बाळासाठी सुरक्षित नसतं आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही लागत नाही, पाणीसुद्धा नाही.

धुरीमागचा हेतू चांगला आहे: बाळ कोरडं आणि उबदार राहावं. पण बंद खोलीत निखाऱ्यांवर ओवा-वावडिंग टाकलं की धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही साठतो, आणि तो बाळ-बाळंतिणीच्या फुप्फुसांत जातो. ऊब दुसऱ्या मार्गाने द्या. आंघोळीनंतर डोकं आधी आणि नीट पुसा, टोपी-मोजे घाला, आणि बाळाला उघड्या छातीवर उभं धरून वरून चादर लपेटा. हे तुम्हीही करू शकता, आईच असावी लागते असं नाही.

आजींचा मान राखायला मालीश आहे ना. ती त्यांच्याच हातची असू दे, हलक्या हाताने, खोबरेल तेलाने, बेंबी सोडून. बेंबीवर काहीही लावायचं नाही. दृष्ट काढायची असेल तर मीठ-मोहऱ्या ओवाळायला हरकत नाही, फक्त त्या बाळाच्या खोलीत जाळू नका. आणि डॉक्टरांकडे पुढच्या वेळी आजींनाच बरोबर न्या. मुलाने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं, यांत फरक पडतो.

प्रश्न: बायको पाचव्या महिन्यात आहे. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून ती टाळते. – एक वाचक, परभणी

उत्तर: गोळी रात्रीच्या जेवणानंतर झोपताना घेऊन पाहा, मळमळ झोपेत निघून जाते. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर लोह चांगलं शोषलं जातं. चहा तासभर आधी-नंतर नको. कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास लोह कमी शोषलं जातं. शी काळी झाली तर घाबरू नका. सरकारी कार्यक्रमात गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस गोळ्या आहेत. त्रास राहिलाच तर गोळी बंद न करता बदलून मागा. घरात लहान मूल असेल तर पाकीट उंच कपाटात ठेवा. त्या गोळ्या मुलाने मूठभर खाल्ल्या, तर जिवावर बेतू शकतं.

प्रश्न: सोसायटीत फवारणी होते, तरी डेंग्यूचे रुग्ण सापडतात. घरात बाळ आहे. – एक वाचक, पिंपरी

उत्तर: धुराने उडते डास मरतात, अंडी नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातला एक वार ठरवून कोरडा दिवस पाळा. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, कूलर, गच्चीतल्या भंगारातलं पाणी ओता. पण नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात, पाणी आलं की पुन्हा फुटतात. कडा काथ्याने घासा. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे बाळ दुपारी झोपलं तरी मच्छरदाणी हवी. तापात पोटात जोराचं दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त दिसलं तर लगेच दाखवा. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त जपायचे असतात, कारण नेमकं तेव्हाच सगळे निर्धास्त होतात.

प्रश्न: मी सिगारेट गॅलरीतच ओढतो, बाळाजवळ कधीच नाही. एवढं पुरे ना? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: पुरे नाही. धूर तुमच्या केसांत, शर्टात, बोटांवर बसतो आणि बाळाला उचलता तेव्हा त्याच्यापर्यंत पोहोचतो. सोडेपर्यंत निदान एवढं करा: ओढल्यावर हात-तोंड धुवा, शर्ट बदला, मग बाळाला घ्या, आणि बाळाला आपल्या शेजारी झोपवू नका. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे, फोन मोफत आहे.