ईसीएम बदलण्याआधी पॉलिसीचा हप्ता थांबवा

सिन्नरच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३४, नोकरी नाशिकला अंबड एमआयडीसीत, हातात पगार ४६ हजार, पत्नी खासगी शाळेत शिकवतात त्यांचे १४ हजार, मुलगी चार वर्षांची. अकरा महिन्यांपूर्वी त्यांनी २०१६ सालची डिझेल सेडान ४ लाख ६० हजारांना घेतली. त्यातले ३ लाख ८० हजार कर्जाचे, १५ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. यंदाच्या पावसाळ्यापासून गाडी मधूनच दगा देते. मोहदरी घाटात एकदम पिकअप जातो, इंजिनचा, एबीएसचा आणि स्टिअरिंगचा दिवा एकदम पेटतो, स्पीडचा काटा शून्यावर येतो. बाजूला घेऊन बंद करून पुन्हा चालू केली की काहीच झालं नाही अशी चालते. वर्कशॉपने दोनदा स्कॅनर लावून कोड (गाडीने स्वतः नोंदलेल्या बिघाडाच्या खुणा) उडवले आणि तिसऱ्या वेळी ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, गेलाय म्हणून सांगितलं. खर्च ८५ हजार.

त्यांचा प्रश्न असा: १८ टक्क्यांचं पर्सनल लोन काढून नवा ईसीएम टाकू, स्क्रॅपमधला २५ हजारांचा टाकू, की गाडी एक्स्चेंजला देऊन नवीच घेऊ?

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: ‘आरडीत एक लाख जमले आहेत, पण ते पुढच्या महिन्यातल्या पॉलिसीच्या हप्त्याचे आहेत, त्यांना हात लावता येणार नाही.’

या वाक्याकडे येतोच. आधी गाडी.

यातलं काहीही आज करू नका. ८५ हजारांचं लोन तीन वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ३,१०० जातील आणि एकूण १ लाख १० हजार भराल. एवढे पैसे कशासाठी, तर एका अंदाजासाठी. तुमच्या पत्रात वर्कशॉपने काहीही मोजल्याचा उल्लेख नाही. दोनदा कोड उडवले, म्हणजे दोनदा पुरावा पुसला. कोड नोंदला जातो तेव्हा गाडी किती वेगात होती, इंजिन किती तापलं होतं अशी त्या क्षणाची माहितीही बऱ्याचदा त्याच्यासोबत साठते. कधीतरीच येणाऱ्या बिघाडात तोच सगळ्यात मोठा आधार असतो.

मी मेकॅनिक नाही, म्हणून तुमचं पत्र नाशिकच्या एका जुन्या, अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनला वाचून दाखवलं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘तीन दिवे एकदम पेटतात ना?’ इंजिन, एबीएस आणि स्टिअरिंग ही तीन वेगळी युनिट आहेत. ती तिन्ही एकाच क्षणी बिघडून पाच मिनिटांत आपोआप बरी होत नाहीत. घरातला पंखा, फ्रिज आणि टीव्ही एकदम बंद पडले तर आपण तिन्ही दुरुस्तीला नेत नाही, मीटरपेटी उघडतो. गाडीत या तिघांमध्ये सामाईक काय आहे? बॅटरीचा करंट, अर्थिंग, आणि ही युनिट ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती कॅनची वायरजोडी. शोध तिथून सुरू व्हायला हवा.

पत्रात तुम्ही स्वतःच तीन धागे दिले आहेत, बहुधा नकळत. बॅटरी चार वर्षांची आहे. आधीच्या मालकाने मोठी स्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेरा बाहेरून बसवून घेतला आहे. आणि बिघाड पावसाळ्यात सुरू झाला. बाहेरची स्क्रीन बसवताना मूळ वायर सोलून, जोड देऊन, वर टेप गुंडाळायची पद्धत सर्रास आहे. तो जोड दमट हवेत हिरवा पडतो, खड्ड्यात हलतो, आणि हलला की क्षणभर सुटतो.

तेव्हा एखादा अर्ध्या दिवसाची मजुरी घेऊन शोधणारा ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. दीड ते तीन हजार घेईल, ते आनंदाने द्या. त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते सांगतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवा, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७. स्टार्टर मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकली आहे. मग अर्थिंग. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या जाड केबल किंवा वेणीदार पट्ट्या असतात. त्यांचा बोल्ट जिथे बसतो तिथे चिखल साचतो, गंज धरतो, आणि वरून बोल्ट घट्टच दिसतो. हाताने ओढून बघण्यात अर्थ नाही. हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं इंजिनच्या धातूवर टेकवा. पॉइंट दोन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर तुमचे ८५ हजार तिथेच वाचण्याची शक्यता आहे, कारण ती पट्टी साफ करायला किंवा बदलायला काही शे रुपये लागतात.

तिसरं मोजमाप स्टिअरिंगखालच्या स्कॅनरच्या सॉकेटवर. बॅटरी काढून, सहा आणि चौदा नंबरच्या पिनमध्ये रेझिस्टन्स बघायचा. कॅनच्या जोडीच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून एकत्र ६० यायला हवेत. १२० आले तर एक बाजू कुठेतरी तुटली आहे. ६० आले आणि वायरिंग हलवताना आकडा उड्या मारू लागला, तर हात जिथे आहे तिथेच बिघाड आहे. बाहेरची स्क्रीन आणि कॅमेरा यांचे जोड सोडवून मूळ वायरिंग जागेवर आणून आठवडाभर गाडी चालवून बघणं हीसुद्धा तपासणीच आहे, आणि ती जवळजवळ फुकट आहे.

मात्र बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांतले कोड पुसले जातात. म्हणून सगळ्यात आधी स्कॅन करून सर्व युनिटचे कोड कागदावर घ्या. यू अक्षराने सुरू होणारे कोड म्हणजे एका युनिटला दुसऱ्याचा आवाज ऐकू आला नाही. असे कोड तीन-चार युनिटमध्ये एकदम असतील तर वायरिंग आणि करंट तपासल्याशिवाय ईसीएमला दोष देता येत नाही. शिवाय एका वहीत नोंद ठेवा: गाडी कधी बंद पडली, पाऊस होता का, एसी चालू होता का, खड्डा आला का, किती वेळाने परत ठीक झाली.

ईसीएम कधी जातच नाही असं नाही. आत पाणी शिरतं, सोल्डर तडकतो. पण ईसीएमच्या कपलरवर करंट आणि अर्थ लोडखाली बरोबर येतात हे मोजून दाखवल्यावरच तो दोषी ठरतो. तेव्हाही आधी बोर्ड दुरुस्त होतो का ते विचारायचं. स्क्रॅपमधला मात्र नको. चावीतल्या इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) त्याचं कोडिंग जुळवावं लागतं, नाही जुळलं तर गाडी सुरूच होणार नाही. आणि इलेक्ट्रिकल पार्ट कुणी परत घेत नाही. वर्कशॉपलाही लेखी विचारा: कोणता कोड, कोणतं मोजमाप, आणि नवा टाकून बिघाड तसाच राहिला तर पैसे परत देणार का? उत्तर टाळलं तर गाडी तिथून काढून घ्या.

तोवर घाटातून एसटीने किंवा कंपनीच्या बसने जा. मुलीला घेऊन या गाडीत अजिबात नको.

विकण्याचं गणित छोटं आहे. कर्ज अजून ३ लाख ३० हजारांच्या आसपास बाकी आहे. एक्स्चेंजवाला २ लाख ६० हजार म्हणतो. म्हणजे गाडी गेल्यावरही ७० हजार खिशातून, आणि वर साडेनऊ लाखांच्या नव्या कर्जाचा महिना पंधरा हजारांचा हप्ता, सात वर्षं. साठ हजारांच्या घरात हे बसत नाही. चांगल्या स्थितीतली तशीच गाडी साडेतीन लाखांना जाते असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे ठेवायची असो की विकायची, आधी बिघाड सापडायला हवा. शनिवार-रविवार गाडी भाड्याने लावून हप्ता काढायचा विचारही सोडा. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने चालवणं बेकायदेशीर आहे, आणि त्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते.

आणि २२ हजारांची जी ‘वॉरंटी’ डीलरने गाडीसोबत दिली, तिच्यात फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स आहे. वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स वगळल्याचं कागदावर छापलेलं आहे, तुम्हीच त्याचा फोटो पाठवला आहे. दहा वर्षं जुन्या गाडीत जे बिघडण्याची सगळ्यात जास्त शक्यता तेच वगळून २२ हजार घेतले. याचा मला खरोखर संताप येतो.

आता ते एक वाक्य.

कर्ज मंजूर करताना बँकेतल्या माणसाने सांगितलं, ‘पॉलिसी घेतलीत तर फाइल लवकर पुढे जाईल.’ वर्षाला एक लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षाअखेर २० लाख ‘गॅरंटीड’. दामदुप्पट म्हणून तुम्हाला ते पटलं. आता हिशेब करू. पहिला लाख वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा वर्षं, सरासरी साडेपंधरा. पैसे दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी ७२ ला भागलं की व्याजाचा अंदाज येतो, म्हणून ७२ ला साडेपंधराने भागा. साडेचार टक्के, थोडं इकडे-तिकडे. इतक्या व्याजासाठी तुम्ही वर्षाला लाख रुपये बाजूला काढता, त्याच घरात १५ टक्क्यांचं कर्ज चालू आहे, आणि आता त्या लाखाला हात लागू नये म्हणून १८ टक्क्यांचं दुसरं कर्ज काढायला निघाला आहात. ईसीएमच्या ८५ हजारांपेक्षा ही चूक कितीतरी मोठी आहे, कारण ती अजून नऊ वर्षं दरवर्षी होणार आहे.

विम्याचं म्हणाल तर या पॉलिसीत तुमच्या मागे घरच्यांना साधारण दहा लाख मिळतील. तुमचा साधारण पावणेदोन वर्षांचा पगार. त्यातूनच गाडीचं कर्जही फिटायचं. चार वर्षांच्या मुलीसाठी हे पुरेसं आहे असं तुम्हाला सांगणाऱ्याने तिचा विचार केलेला नाही.

दुसरा हप्ता भरू नका. भरलेला पहिला लाख बुडेल ही भीती मला कळते, म्हणून तो पूर्ण बुडाला असं धरूनच आकडे मांडतो. यंदाचा लाख गाडी आणि घरासाठी वापरा. आणि तुलनेसाठी समजा, पुढच्या वर्षापासून तोच लाख असा काढलात: त्यातले साधारण १३ हजार एक कोटीच्या साध्या टर्म विम्याला (मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्याला), उरलेले ८७ हजार पीपीएफला. पीपीएफचे फक्त आठ हप्ते; टर्म विम्याचा हप्ता मात्र पुढेही चालू राहील. आजच्या ७.१ टक्क्यांनी पॉलिसीच्याच विसाव्या वर्षी ते सुमारे १९ लाख होतात. पीपीएफचा दर सरकार बदलू शकतं हे खरं, पण पहिला लाख सोडून, दुसरा लाख दुसरीकडे खर्च करूनही तुम्ही जवळपास तिथेच पोहोचता, आणि मधल्या काळात घराला दहा लाखांऐवजी एक कोटीचं संरक्षण राहतं. वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही.

पहिला लाख बहुधा पूर्ण बुडणारही नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार पूर्ण वर्षाचा हप्ता भरून एक पॉलिसी वर्ष संपलं की काही सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी सोडल्यावर परत मिळणारे पैसे, देय होते. म्हणून आज रद्द करू नका. वर्ष पूर्ण होऊ द्या आणि विमा कंपनीला, बँकेतल्या माणसाला नव्हे, सरेंडर किंमत लेखी विचारा. रक्कम कमी वाटेल, तरी घ्या. कर्जासाठी पॉलिसी गळ्यात मारल्याची तक्रार आधी विमा कंपनीकडे करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांच्या पुणे कार्यालयाकडे जाता येतं, त्याला फी नाही. बँकेतल्या माणसाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असेल तर तो जपून ठेवा. ‘बँकेशी संबंध बिघडतील’ असं तुम्ही लिहिलं आहे. तुम्ही ईएमआय वेळेवर भरताय. बँकेला तेवढंच हवं असतं.

आरडीतला लाख असा वाटा: १५ हजारांपर्यंत गाडीचा शोध आणि दुरुस्ती, गरज पडली तर त्यातच नवी बॅटरी. १३ हजार टर्म विमा, आणि तो आधी घ्या, पॉलिसी नंतर सोडा. उरलेले सत्तरेक हजार अडीअडचणीसाठी बचत खात्यात किंवा लगेच मोडता येणाऱ्या एफडीत. महिन्याला आरडीत जे साडेआठ हजार जात होते ते चालूच ठेवा. तीन महिन्यांचा खर्च जमला की पुढची वर्षभराची भर कारच्या कर्जात मुद्दल म्हणून टाका. त्याआधी कर्जाच्या कागदात पार्ट पेमेंटला किती दंड आहे ते बघा. दोन-तीन टक्के असला तरी १५ टक्क्यांपुढे परवडतो.

स्कॅनचा कागद आणि तीन मोजमापांचे आकडे हाती आले की पाठवा. आणि टर्म विम्याच्या अर्जात नॉमिनी म्हणून पत्नीचं नाव, तब्येतीची आणि व्यसनांची माहिती जशी आहे तशीच लिहा.