सौदी अरेबिया : मैत्री भारताशी, संरक्षण करार पाकिस्तानशी?

प्रश्न : सौदी अरेबियाने 17 सप्टेंबर 2025 रोजी पाकिस्तानशी संरक्षण करार केला. दोघांपैकी एकावर झालेले आक्रमण हे दोघांवरचे आक्रमण मानले जाईल, असे त्यात म्हटले आहे. मग भारताने रियाधशी इतकी वर्षे जोपासलेली मैत्री वाया गेली, असे समजायचे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तसे समजण्याचे कारण नाही. मात्र ही मैत्री पाकिस्तानच्या विरोधात आहे, असे ज्यांनी गृहीत धरले होते, त्यांचा हिरमोड होणे स्वाभाविक आहे. 1980 च्या दशकात हजारो पाकिस्तानी सैनिक सौदी भूमीवर तैनात होते. त्यामुळे या कराराने बऱ्याच अंशी जुन्याच संबंधांना लेखी रूप दिले आहे. शिवाय 9 सप्टेंबरला इस्रायलने कतारची राजधानी दोहावर हवाई हल्ला केल्यानंतर, अमेरिकेच्या संरक्षणावर कितपत विसंबावे, हा प्रश्न आखातातील राजघराण्यांपुढे उभा राहिला होता. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांत सह्या झाल्या, हे पाहता रियाधच्या मनात काश्मीरपेक्षा स्वतःच्या सुरक्षेचीच चिंता अधिक असावी.

भारत-सौदी संबंधांना आजचे रूप येण्यास फार वेळ लागला. राजे सौद 1955 मध्ये भारतात आले आणि पुढच्याच वर्षी नेहरू तिकडे गेले. परंतु त्यानंतर सौदी राजा भारतात येण्यास 2006 उजाडले. त्या वर्षी राजे अब्दुल्ला प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे होते. इंदिरा गांधींच्या 1982 च्या भेटीनंतर भारतीय पंतप्रधान रियाधला गेले ते थेट 2010 मध्ये, आणि मनमोहन सिंग यांच्या त्या भेटीत संबंधांना व्यूहात्मक भागीदारीचा दर्जा मिळाला. मधल्या काळात भारताची तेलाची गरज वाढत गेली होती आणि सौदी तेलाचे मोठे गिऱ्हाईक पाश्चात्त्य देशांऐवजी आशियात दिसू लागले होते. भाषणांत हजारो वर्षांच्या सांस्कृतिक नात्याचा कितीही उल्लेख होवो, ही जवळीक प्रामुख्याने या व्यवहाराने घडवली आहे.

पुलवामा हल्ल्यानंतर काही दिवसांनी, फेब्रुवारी 2019 मध्ये, युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी इस्लामाबादेत 20 अब्ज डॉलरचे करार केले, मग ते रियाधला परतले आणि तेथून दिल्लीला आले. पाकिस्तानातून थेट भारतात न येण्याची ती काळजी बरेच काही सांगून जाते : दोन्ही राजधान्यांशी संबंध ठेवायचे, पण ते एकमेकांत गुंतू द्यायचे नाहीत. संरक्षण करारानंतर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने परस्परांचे हितसंबंध आणि संवेदनशीलता लक्षात ठेवल्या जाव्यात, अशी संयत अपेक्षा व्यक्त केली, ती याच चौकटीत. अडचण इतकीच की, भारत आणि पाकिस्तान यांच्यात पुन्हा संघर्ष पेटला, तर ही चौकट सांभाळणे सौदीला पूर्वीपेक्षा जड जाईल.

प्रश्न : सौदी गुंतवणुकीच्या एवढ्या घोषणा झाल्या, कोकणातील तेलशुद्धीकरण प्रकल्पाचे मात्र काहीच का झाले नाही? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : वर्षाला 6 कोटी टन क्षमतेच्या या प्रकल्पासाठी सौदी अरामको या तेथील सरकारी तेल कंपनीने एप्रिल 2018 मध्ये भारतीय तेल कंपन्यांशी सामंजस्य करार केला आणि जूनमध्ये अबुधाबीची राष्ट्रीय तेल कंपनीही त्यात आली. परंतु नाणार परिसरातील ग्रामस्थांनी कडाडून विरोध केला आणि 2019 मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. पुढे बारसूचा पर्याय आला, तेव्हा तेथेही आंदोलन उभे राहिले. राजनैतिक सौहार्द कितीही असले, तरी आंबा-काजूच्या बागा आणि मासेमारी यांचा प्रश्न दिल्ली-रियाध बैठकीत सुटत नाही. रिलायन्सच्या तेल-रसायन व्यवसायातील 20 टक्के हिस्सा घेण्याचा अरामकोचा बेतही 2021 मध्ये बारगळला. त्यामुळे 2019 मध्ये जाहीर झालेला सौदी गुंतवणुकीचा 100 अब्ज डॉलरचा आकडा ही अपेक्षा होती, जमा रक्कम नव्हे. एप्रिल 2025 च्या संयुक्त निवेदनात दोन तेलशुद्धीकरण प्रकल्पांसाठी सहकार्य करण्याचे ठरले आहे. जमीन कोठे आणि कोणत्या अटींवर मिळते, यावर त्यांचे भवितव्य ठरेल.

प्रश्न : या साऱ्याचा तिकडे राबणाऱ्या कामगाराला काय उपयोग? (एक वाचक, दापोली)

उत्तर : थोडा, पण खरा. 2013 मध्ये सौदी सरकारने स्थानिकांना नोकऱ्या देण्याचे ‘निताकत’ धोरण कडक केले, तेव्हा मिळालेल्या सवलतीच्या मुदतीत लाखाहून अधिक भारतीय दंडाविना मायदेशी परतू शकले. जानेवारी 2014 मध्ये घरकामगारांच्या भरतीबाबत दोन्ही देशांत करार झाला. मार्च 2021 पासून अनेक खासगी आस्थापनांतील कामगारांना विशिष्ट अटी पूर्ण केल्यावर कफीलच्या (म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या) संमतीशिवाय नोकरी बदलता येते. घरकामगार आणि घरगुती वाहनचालक यांना मात्र त्या सुधारणेतून वगळले गेले, आणि कोकणातून जाणाऱ्यांत चालकांची संख्या लक्षात घेता, पुढच्या वाटाघाटींत हा मुद्दा तेलाच्या खालोखाल यायला हवा.