टाइमशेअर घेताना : स्टुडिओ, वन बेडरूम की टू बेडरूम?

प्रश्न : आम्ही दोघं, 11 वर्षांची मुलगी, 7 वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. एका हॉलिडे क्लबचं 25 वर्षांचं टाइमशेअर सदस्यत्व, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क, घ्यायचं चाललंय. विक्री प्रतिनिधी म्हणतात, वन बेडरूममध्ये सहा जण आरामात मावतात, मुलं मोजत नाहीत. खरंच पुरेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : या वर्षी कदाचित मावाल. बऱ्याच क्लबांमध्ये 12 वर्षं पूर्ण झालेलं मूल मोठ्या माणसांत धरतात. म्हणजे पुढच्या वर्षी मुलगी आणि पाच वर्षांनी मुलगाही मोजणीत येईल. वन बेडरूमची मर्यादा साधारण चार मोठ्या माणसांची असते. जास्तीच्या दोघांसाठी वेगळी खोली घ्यावी लागते, तीही सीझनच्या भावाने आणि शिल्लक असली तरच. करारात वयाची अट काय आहे आणि एका युनिटमध्ये (राहायला मिळणारी खोली किंवा फ्लॅट) जास्तीत जास्त किती जण चालतात, ही दोन कलमं आधी शोधा. तोंडी आश्वासनाला रिसेप्शनवर कुणी विचारत नाही.

आता झोपायचं बघू. वन बेडरूममध्ये आत डबल बेड आणि बाहेर हॉलमध्ये सोफा-कम-बेड अशी सर्वसाधारण रचना असते. बाथरूम एकच असेल आणि त्याचं दार बेडरूममध्ये उघडत असेल, तर हॉलमध्ये झोपणाऱ्यांना रात्री तुमच्या पलंगाला वळसा घालून जावं लागेल. वयस्कर माणसं रात्री उठतात. दोन दिवसांत सगळ्यांची झोप उडते. म्हणून ब्रोशरमधल्या फोटोपेक्षा युनिटचा नकाशा मागा. त्यात बाथरूम किती, त्यांची दारं कुठे उघडतात आणि सोफा उघडल्यावर किती रुंद होतो, एवढं तपासा.

आपल्या रिसॉर्टमधल्या दिवसांच्या बदल्यात दुसरीकडचे दिवस मिळवून देणाऱ्या आरसीआयसारख्या एक्स्चेंज कंपनीच्या यादीत युनिटपुढे 4/2 किंवा 6/4 असे दोन आकडे दिसतात. पहिला आकडा जास्तीत जास्त किती माणसं राहू शकतात याचा. दुसऱ्या कुणाच्या झोपण्याच्या जागेतून न जाता बाथरूम गाठता येईल, अशी झोपायची सोय किती जणांची आहे, ते दुसरा आकडा सांगतो. सासू-सासरे सोबत असतील तर दुसराच आकडा बघायचा. 6/4 म्हणजे सहा जणांची परवानगी, पण चौघांचाच आडपडदा.

मग थेट टू बेडरूम? सासू-सासरे दरवर्षी येणार असतील तर हो, दोन बाथरूम असलेलंच घ्या. दोन-तीन वर्षांतून एकदा येणार असतील तर आमचं मत वन बेडरूमकडे झुकतं. सदस्यत्वाची किंमत एकदाच भरायची असते, पण वार्षिक शुल्क दरवर्षी द्यावं लागतं, तुम्ही जा अगर न जा. युनिट मोठं तसं शुल्क मोठं, वर 18 टक्के जीएसटी. शिवाय दहा-बारा वर्षांत मुलं आपापल्या वाटेने जातील आणि टू बेडरूमचं शुल्क तुम्ही दोघंच भरत बसाल. काही क्लबांत वन बेडरूमच्या सात रात्रींऐवजी टू बेडरूमच्या कमी रात्री घेता येतात. त्याचा तक्ता लेखी घ्या. मागच्या पाच वर्षांत शुल्क कसं वाढलं, तेही विचारा. उत्तर टाळलं तर तिथेच थांबा.

प्रश्न : 'लॉक-ऑफ टू बेडरूम' घ्यावं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन कुटुंबं एकत्र जात असाल तर ही सोय उत्तम. एका बाजूला वन बेडरूम, दुसरीकडे स्टुडिओ (वेगळी बेडरूम नसलेली एकच खोली), मध्ये कुलूप लागणारं दार आणि दोन्हींना स्वतंत्र प्रवेश. काही योजनांत दोन्ही भाग वेगवेगळ्या आठवड्यांत वापरता येतात. अडचण स्टुडिओच्या बाजूची : तिथे बहुधा छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह एवढंच मिळतं, शेगडी नसते. शिवाय बुकिंगच्या वेळी मधल्या दाराने जोडलेलीच जोडी मागावी लागते, नाहीतर दोन युनिटं दोन मजल्यांवर येऊ शकतात.

प्रश्न : बजेट ठरलेलं आहे. त्यात मोठं युनिट स्वस्त सीझनमध्ये बसतं किंवा लहान युनिट महाग सीझनमध्ये. मुलं चौथी आणि सातवीत आहेत. – एक वाचक, पुणे

उत्तर : लहान युनिट, वरचा सीझन. हॉलिडे क्लब वर्षाचे दिवस मागणीप्रमाणे सीझनमध्ये वाटतात; क्लब महिंद्रा या हॉलिडे क्लबच्या पद्धतीत पर्पल सगळ्यात वरचा, मग रेड, व्हाइट आणि ब्लू. वरच्या सीझनवाल्याला खालच्या सीझनमध्ये जाता येतं. उलटं जमेल असं गृहीत धरू नका. शाळा चालू असताना ब्लू सीझनचे सात दिवस काय कामाचे? नाताळातला गोवा किंवा मे महिन्यातलं महाबळेश्वर हवं असेल, तर बुकिंगची खिडकी उघडते त्याच दिवशी बसा. त्यातही टू बेडरूम युनिटं मुळात कमी असतात आणि आधी संपतात.

विदर्भातल्या वाचकांना मात्र एक फायदा आहे. तिकडे शाळा जूनअखेर उघडतात. जूनच्या उत्तरार्धात, इतरांची सुट्टी संपल्यावर, खालच्या सीझनचं मोठं युनिट त्यांना खरोखर वापरता येतं. पावसाची तयारी ठेवायची, एवढंच.

प्रश्न : स्वयंपाकघर असलेलं युनिट घ्यावं का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : लहान बाळ किंवा पथ्याचं माणूस सोबत असेल तर घ्या. पण 'किचनेट' लिहिलंय म्हणून कुकर नेऊ नका. शेगडी आहे का, भांडी मिळतात का आणि स्वयंपाकाला परवानगी आहे का, हे रिसॉर्टलाच फोन करून विचारा; क्लबच्या कॉल सेंटरला ते ठाऊक असेलच असं नाही. शेगडी नसेल तर सहा जणांचं दोन वेळचं जेवण रिसॉर्टच्या रेस्टॉरंटमध्येच होईल. ते बिल आजच्या मेनूकार्डवरून काढा आणि मगच सहलीचा खर्च मांडा.