गावातलं बंद घर रिकामं करताना मजुरांना हातमोजे आणि मास्क दिले की पुरे का?

तुम्ही लिहिलंय की अमळनेर तालुक्यातलं आजोबांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर नऊ वर्षांपासून बंद आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत ते रिकामं करायचंय, गावातले चार मजूर सांगून ठेवलेत, आणि त्यांना हातमोजे-मास्क दिले की भागेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

नाही भागणार. जळगावात घरं रिकामी करायचं, भंगार आणि कचरा उचलायचं काम मी सतरा वर्षं करतोय. एक छोटा हत्ती टेम्पो आणि पाच माणसं. हातमोजे द्याच, पण त्याआधी तुमचा स्वतःचा एक दिवस द्या. घरात कोणी कुठे काय ठेवलं होतं हे तुमच्या काका-आत्यांना ठाऊक असतं, उचलणाऱ्याला नसतं. माझ्या माणसांना जे जे झालं, त्यातलं बरंचसं एवढ्याच कारणाने झालं.

सहा वर्षांपूर्वी चोपड्याकडच्या एका गावात काम होतं. कापूस पिकवणाऱ्याचं घर. माळ्यावर गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन होता, बूच सैल. आमच्यातल्या एकाने तो खांद्यावर घेतला आणि शिडी उतरला. ओघळ पाठीवर गेला. तेल असेल समजून त्याने गमछ्याने पुसलं आणि पुढच्या खेपेला लागला. वास उग्र येत होता, पण बंद घरात कशालाच धड वास नसतो. अर्ध्या तासात तो ओट्यावर जाऊन बसला. बनियन घामाने निथळत होतं, तोंडातून लाळ गळत होती. म्हणाला, "भो, माले काही दिखत नही." मी त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं, तर डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या.

ते कपाशीवर फवारायचं औषध होतं. वडील उरलेलं औषध त्या कॅनात ओतून ठेवायचे, हे मालकाला माहीत होतं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्याचे कपडे काढले, साबण लावून अंगावर बादल्या ओतल्या आणि कॅन सोबत घेऊनच दवाखाना गाठला. पाच दिवस दाखल होता. वाचला. अशी औषधं कातडीतून अंगात भिनतात, पोटात जावीच लागतात असं नाही. तुमच्याकडे असं काही झालं तर हे लक्षात ठेवा: कपडे काढा, भरपूर पाण्याने धुवा, 108 ला फोन करा, आणि औषधाची बाटली किंवा नाव डॉक्टरांसमोर ठेवा.

तुमच्या घरी केळी किंवा कापूस होता का, हे आधी विचारा. होता, तर थिमेट आणि नुवान ही कीटकनाशकं शोधाच. त्यातलं फोरेट आणि डायक्लोरव्हॉस 31 डिसेंबर 2020 पासून देशात पूर्ण बंद आहे, पण कोठीमागे, देवळीत, गोठ्याच्या आढ्याला पुड्या आणि बाटल्या अजून सापडतात. सापडलेल्या वस्तू उघडू नका, हुंगू नका. वाळू भरलेल्या बादलीत उभ्या ठेवून बाजूला काढा. चुलीत, नाल्यात किंवा भंगारात जाऊ देऊ नका. घरगुती घातक कचरा वेगळा घ्यायची जबाबदारी घनकचऱ्याच्या नियमांनी नगरपालिकेवर टाकली आहे, तेव्हा अमळनेरला आधी विचारून ठेवा. आणि तेलाचा, फिनाइलचा, पाण्याचा, कसलाही बिनलेबलचा कॅन दिसला तर तो औषधाचाच धरा.

दुसरी चौकशी पेवाची, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याची. जुन्या घराच्या अंगणात किंवा ओसरीखाली पेव असतं, तोंडावर फरशी, वर माती. मजुराला वाटतं आत भांडी असतील आणि तो उतरतो. ओलसर धान्य, सडलेला भुसा आतला प्राणवायू संपवतो आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साठतो. माणूस उतरल्यावर मिनिटभरात कोसळतो, हाकही मारत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथेच पडतो. म्हातारी माणसं कंदील सोडून बघायला सांगतात. कंदील विझला तर उतरायचं नाही, हे खरंच. पण पेटता राहिला म्हणून आतली हवा चांगली, असं मुळीच नाही. पेवात कोणीही उतरू नये. तोंड उघडं ठेवा, हवं ते लांब आकडीने वरूनच काढा, नाहीतर मातीने बुजवा.

शौचाच्या टाकीत तर दिवाही सोडू नका, आतल्या गॅसचा भडका उडतो. तिला उपसणारी गाडीच बोलवा. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. कोणी मजूर "मी उतरतो, पाचशे जास्त द्या" म्हणाला तरी हात जोडून नाही म्हणा.

धाब्यावर कोणाला चढवू नका. वरून धड दिसतं, पण लाकडाची टोकं भिंतीत असतात आणि ती ओलीने, उधईने आधी कुजतात. दरवर्षी गळतीवर माती टाकून वर ओझं वाढवलेलं असतं. त्या छताखालून कपाट किंवा धान्याची कोठी ओढण्याआधी बघा की तिच्या आधाराने काही उभं तर नाही. शंका आली तर गवंडी बोलावून टेकू द्या. गोठ्यावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर फोडू नका. पाणी मारून, स्क्रू सोडवून अख्खे उतरवा. त्यातल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली तर तिचा आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो.

पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या), गोवऱ्यांच्या, विटांच्या ढिगात हात घालायचा नाही. आधी लांब सळईने ढीग ओढायचा, मग उचलायचा. जाड गमबूट सगळ्यांना. साप चावला तर चिरा देणं नाही, दोरी आवळणं नाही, भगत नाही. पाय हलू न देता सरकारी दवाखाना. सापावरची लस कुठे मिळते, हे काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. उंदराच्या लेंड्या आणि वटवाघळांची घाण कोरडी झाडू नका, पाणी शिंपडून ओली करून मगच काढा. खिळे लागणारच, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन आधी देऊन घ्या.

आणि ऊन. आखाजीच्या आगेमागे आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, बंद घरातली खोली तर भट्टी होते. सकाळी सहाला सुरू करा, अकराला थांबा. मजुरी पूर्ण दिवसाची द्या, नाहीतर ते दुपारीही ओढतील. मीठ-साखरेचं पाणी सावलीत भरलेलं हवं.

चार खोल्यांच्या घराला अशा पाच तासांच्या पाळीत चार दिवस लागतात. त्यातला पहिला दिवस तुमचा आणि तुमच्या मोठ्या काकांचा, हातात टॉर्च आणि खडू घेऊन. जिथे हात लावायचा नाही तिथे फुली मारत जा. दुसऱ्या दिवशी मजूर आले की त्यांना ती फुली दाखवत आधी सगळं घर फिरवा.