लॅबमध्ये पायथॉनचं कोणतं व्हर्जन टाकावं?

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं 3.8 व्हर्जन आहे आणि सगळी प्रॅक्टिकल्स त्यावर नीट चालतात. मुलं मात्र घरून 3.13 नाहीतर 3.14 वर लिहून आणतात. दर ऑक्टोबरला नवं व्हर्जन काढतात, आपणही बदलायलाच हवं का? आणि सगळं फुकट असताना त्याची खात्री कोण देतं?
– एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर: बदलायला हवंच, आणि लवकर. 3.8 चा सपोर्ट ऑक्टोबर 2024 मध्ये संपला. आता त्यात सुरक्षेची फट सापडली तरी पायथॉनवाले ती बुजवणार नाहीत. प्रत्येक व्हर्जनला साधारण पाच वर्षं मिळतात. आधी बग दुरुस्त होतात, मग फक्त सुरक्षेपुरतं बघितलं जातं. मशीनवर विंडोज 7 असेल तर मात्र आधी तिथे हात घालावा लागेल, कारण 3.9 पासून पुढचं पायथॉन त्यावर चालत नाही.

खात्रीबद्दल 3.13 चंच सांगते. ते 1 ऑक्टोबर 2024 ला यायचं होतं. त्यात वापरून झालेली मेमरी गोळा करणारा गार्बेज कलेक्टर बदलला होता: एका दमात सगळी साफसफाई करण्याऐवजी तो थोडी थोडी करणार होता. कल्पना चांगलीच होती. पण लोकांनी खऱ्या कामावर चालवून पाहिलं, तेव्हा स्फिंक्ससारखे (हे डॉक्युमेंटेशन तयार करणारं टूल) काही प्रोग्राम आधीपेक्षा हळू चालायला लागले. मग तो बदल मागे घेतला गेला. रिलीज मॅनेजर थॉमस वाउटर्स यांनी ठरल्या तारखेला फायनलऐवजी तिसरा रिलीज कँडिडेट, म्हणजे फायनलआधीची चाचणीची आवृत्ती, काढला आणि 3.13.0 आलं 7 ऑक्टोबरला. एवढ्या मेहनतीचं काम ऐन वेळी बाजूला ठेवायला हिंमत लागते. माझा या भाषेवर भरवसा आहे तो अशा निर्णयांमुळे.

तुमच्या लॅबसाठी मी यंदा 3.13 घेईन. कामाच्या मशीनवर मी ताजं ‘पॉइंट झीरो’, म्हणजे नव्या व्हर्जनची पहिलीच आवृत्ती, कधीच टाकत नाही, लायब्ररी तयार व्हायला वेळ लागतो. एक मात्र तपासा: 3.13 मधून सीजीआय, क्रिप्ट, टेलनेटलिब अशी 19 जुनी मॉड्यूल (पायथॉनसोबत येणारे तयार कोडचे भाग) काढून टाकली आहेत. वेब फॉर्मचं एखादं प्रॅक्टिकल सीजीआयवर, म्हणजे वेब सर्व्हरवर प्रोग्राम चालवायच्या जुन्या पद्धतीवर, असेल तर ते इम्पोर्टच्या ओळीलाच अडेल. ते फ्लास्क या वेब फ्रेमवर्कवर न्या, मुलांना पुढेही उपयोगी पडेल.

आणि मुलांचा फायदा बघा. यादृच्छिक आकडे देणारं रँडम मॉड्यूल शिकताना पोरं स्वतःच्या फाइललाही ‘रँडम’ हेच नाव देतात. मग पायथॉन त्यांचीच फाइल उघडतं, त्यात ‘रँडइंट’ हे फंक्शन नाही म्हणून तक्रार करतं आणि तास तिथेच जातो. 3.13 त्या एररमध्ये सरळ सांगतं की तुमच्या फाइलचं नाव मॉड्यूलसारखंच आहे, ते बदलून बघा.

एक विनंती. पुढच्या व्हर्जनचा पहिला बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, मे महिन्यात येतो. तिथून पुढे नवीन काही आत घेत नाहीत, फक्त चुका काढतात. तेव्हा लॅबला सुट्टी असते. एका मशीनवर तो टाका, तुमची सगळी प्रॅक्टिकल्स चालवा. काही अडलं तर गिटहबवर, म्हणजे पायथॉनचा कोड जिथे आहे त्या साइटवर, कळवा, सोबत नेमका अडणारा चार-पाच ओळींचा कोड द्या. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं.