तिसऱ्या राऊंडला काय विचारतील, ताई?

प्रश्न : ताई नमस्कार, मी यंदाच केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणारा विभाग) ट्रेनीसाठी अर्ज केला होता. लेखी परीक्षा ऑनलाइन होती, घरात रेंज येत नाही म्हणून वर सड्यावर जाऊन दिली. मग टेक्निकल राऊंडला बोलावलं आणि पहिलाच प्रश्न आला की परमँगनेटच्या टायट्रेशनला (थेंब थेंब घालून प्रमाण मोजायच्या प्रयोगाला) सल्फ्युरिक ॲसिडच का, हायड्रोक्लोरिक का नाही. कॉलेजात इतक्या वेळा केलंय पण तोंडातून शब्द फुटेना. तरी पुढे घेतलं. आता मंगळवारी प्लांट हेड आणि त्याच दिवशी एचआर. प्लांट हेड काय विचारतात? मैत्रीण म्हणते एचआरवाले मुलींना लग्नाचं विचारतात, तेव्हा काय बोलू? आई म्हणते एवढ्या फेऱ्या घेतायत म्हणजे त्यांना घ्यायचंच नाहीये.
– एक वाचक, वेळणेश्वर, ता. गुहागर

उत्तर : आधी आईला सांग, ज्यांना घ्यायचं नसतं ते परत फोनच करत नाहीत. मी वीस वर्षं क्यूसी लॅबमध्ये काढली, शेवटी शेवटी माणसं निवडायलाही बसायचे, आणि तिसऱ्या राऊंडला बोलवायचं म्हणजे प्लांट हेडचा अर्धा दिवस मागून घ्यावा लागतो, तो उगाच कोणी मागत नाही.

तो अडलेला प्रश्न मात्र सोडू नकोस, कारण मंगळवारी कोणीतरी परत विचारेल, "तेव्हा आलं नव्हतं, आता बघितलंस का?" हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचं क्लोरीन करत बसतं, त्यात ते फुकट खर्च होतं आणि ब्युरेटचं (थेंब सोडायच्या खुणांच्या नळीचं) रीडिंग जास्त येतं. नायट्रिक स्वतःच परमँगनेटसारखं ऑक्सिडायझर, ते मध्येच लुडबूड करणार. सल्फ्युरिक यातलं काहीच करत नाही म्हणून ते, तेही डायल्यूट. आणि एवढ्यावर थांबू नकोस, त्याच टायट्रेशनमधलं ऑक्झॅलिक ॲसिड 60 ते 70 डिग्रीला गरम का करतो, पहिले थेंब रंग सोडायला वेळ का लावतात आणि मग एकदम भराभर का जातात (तयार होणारं मँगनीजच पुढे कॅटॅलिस्टचं, म्हणजे वेग वाढवायचं, काम करतं), हे सगळं आईला चुलीपुढे बसून मोठ्याने सांग. तिला कळलं नाही तरी चालेल, तोंडातून शब्द बाहेर पडायची सवय व्हायला हवी. तुझं अडलं ते तिथेच, अभ्यासात नाही.

माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत मला विचारलं होतं की परमँगनेट भरलेल्या ब्युरेटचं रीडिंग कुठलं घेशील, मी पाठ केलेलं 'लोअर मेनिस्कस' (द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड) सांगून मोकळी झाले. समोरच्या सरांनी भरलेली ब्युरेटच पुढे ठेवली. तो गडद जांभळा रंग, खालची कड दिसतच नव्हती, वरचीच घ्यावी लागते. वर्षभर मी हाताने वरचीच घेत होते आणि तोंडाने खालची सांगितली! ती नोकरी गेली. म्हणून सांगते, पुस्तक आठवू नकोस, तुझा हात प्रॅक्टिकलला काय करायचा ते आठव.

प्लांट हेडचा राऊंड वेगळा असतो, ते फॉर्म्युले फारसे विचारत नाहीत. त्यांना बघायचं असतं की तू दबावाखाली काय करशील. हमखास येणारा प्रश्न म्हणजे, सॅम्पल फेल आलंय, टँकर गेटवर उभा आहे, प्रॉडक्शनवाला डोक्यावर उभा राहून म्हणतोय पास कर, तर काय करशील? इथे बरीच हुशार मुलं "परत टेस्ट करीन" म्हणतात आणि तिथेच मार्क जातात. पास होईपर्यंत परत परत टेस्ट करणं हे चुकीचंच. आधी इन्चार्जला कळवायचं, मग वजन, डायल्यूशन, कॅल्क्युलेशन, इन्स्ट्रुमेंट तपासायचं, चूक सापडली तर ती लिहून ठेवायची आणि त्यांच्या परवानगीनेच रिपीट. चुकलेला आकडा खोडायचा तोही एकच रेघ मारून, खालचं वाचता येईल असा, बाजूला सही आणि तारीख. हे तू सांगितलंस तर समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसेल बघ. एखादी गोष्ट नाहीच आली तर "सर, हे मला माहीत नाही, पण इथून सुरुवात करून शोधेन" असं स्पष्ट सांग, गप्प मात्र बसू नकोस.

लग्नाचा प्रश्न. तो विचारायलाच नको असं माझं ठाम मत आहे, मुलांना कोणी विचारत नाही. पण विचारला तर वाद घालू नको आणि घरचं पुराणही सांगत बसू नको. "मी काम शिकायला आणि टिकून राहायला आलेय, शिफ्टला माझी तयारी आहे" एवढं बोल आणि लगेच तूच विचार, रात्रपाळी आहे का, आणायला सोडायला गाडी आहे का, गुहागरहून रोज जमणार नाही तर चिपळूणमध्ये राहायची काय सोय. आणखी एक विचारायचंच, पोस्ट ट्रेनीची की ॲप्रेंटिसची. ॲप्रेंटिसला मुदत संपल्यावर कायम घ्यायचं बंधन कंपनीवर नसतं, त्यामुळे आधी कळलेलं बरं. पगाराचा आकडा वर्षाचा सांगतील, तर हातात महिन्याला किती ते विचार, बेसिकच्या 12 टक्के पीएफ तुझ्याकडून कापला जातो आणि कंपनीचा वाटाही बऱ्याचदा त्याच आकड्यात धरलेला असतो. यात लाजण्यासारखं काही नाही.

प्लांट बघायला नेतील, तेव्हा बंद बूट घाल, सुती कपडे, लोंबती ओढणी आणि बांगड्या नकोत. पावसाचे दिवस आहेत, परशुराम घाटाचा भरवसा नाही, शक्य असेल तर सोमवारी रात्रीच चिपळूणला नातेवाईकांकडे मुक्काम कर, म्हणजे सकाळी घाटासाठी हाताशी वेळ राहील. नंतर आठवडाभर काही कळलं नाही तर फोन करून विचार, त्याने कोणी रागवत नाही.

प्रश्न : मुलाला व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर आलंय, इंटरव्ह्यू काहीच झाला नाही. युनिफॉर्म आणि ट्रेनिंगचं डिपॉझिट म्हणून 8,500 रुपये आज संध्याकाळपर्यंत भरायला सांगतायत. भरू का?
– एक पालक, राजापूर

उत्तर : दादा, एक रुपयाही भरू नका. नोकरी देणारी कंपनी डिपॉझिट मागत नाही, आणि एकही राऊंड न घेता, माणूस न बघता कोणी नेमणूक करत नाही. आधीच काही पाठवलं असेल तर आत्ता 1930 वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. ते मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि मुलाला ओरडू नका, तो नोकरीसाठी धडपडतोय म्हणूनच फसायला आला होता.